पोटगी

विवाह मोडल्यावर किंवा पती-पत्नी वेगळे राहू लागल्यावर, ज्याला स्वतःचा निर्वाह चालवता येत नाही त्या जोडीदाराला दुसऱ्याने द्यावयाची, न्यायालयाने ठरवलेली रक्कम. कोर्टाच्या आवारात तिला खावटीही म्हणतात. दावा चालू असताना मिळते ती अंतरिम, निकालानंतरची कायम.

भारतात पोटगीचा एकच कायदा नाही. कोणत्याही धर्माच्या स्त्रीला जवळचा रस्ता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125चा. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144ने घेतली असली, तरी वकिलांच्या तोंडी अजून ‘एकशेपंचवीस’च आहे. घटस्फोटितेला पुनर्विवाह होईपर्यंत या कलमाखाली पोटगी मागता येते. 1973च्या संहितेत महिन्याला 500 रुपयांची कमाल मर्यादा होती. ती 2001 साली उठली.

या मर्यादेच्याही कितीतरी खाली इंदूरच्या शाहबानो यांचा आकडा होता. मॅजिस्ट्रेटने त्यांना दरमहा 25 रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते 179 रुपये 20 पैशांवर नेले. पेशाने वकील असलेला नवरा तेवढ्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1985 साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठापुढे हरला. पुढच्याच वर्षी संसदेने मुस्लिम घटस्फोटितांसाठी निराळा कायदा केला. त्या कायद्यामुळे 125चे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये स्पष्ट केले.

हिंदू विवाह कायद्याची (1955) कलमे 24 व 25 नवऱ्यालाही खुली आहेत. नांदेडमध्ये 2015 साली घटस्फोट झालेल्या एका नवऱ्याने शिक्षिका असलेल्या माजी पत्नीकडे पोटगी मागितली. दरमहा 3,000 रुपयांचा अंतरिम आदेश झाला, थकबाकी पगारातून कापायला मुख्याध्यापकांना सांगितले गेले आणि 2022 साली मुंबई उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. ही बातमी चवीने वाचली गेली. मात्र असे अर्ज विरळाच.

रक्कम ठरवताना दोघांची मिळकत, राहणीमान, वय, मुलांची जबाबदारी हे सारे पाहिले जाते. पगाराच्या 25 टक्क्यांचा दाखला सर्रास दिला जातो, पण तो निकालांतून आला आहे, कायद्यात तसे लिहिलेले नाही. पत्नी कमावती आहे एवढ्यानेच पोटगी नाकारता येत नाही. तिची कमाई हिशोबात मात्र धरली जाते.

खरी अडचण आकडा ठरण्याच्या आधी आणि नंतर येते. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात 2013 साली आलेल्या एका अर्जावर 2015 मध्ये पत्नीला 15,000 रुपये मंजूर झाले, मुलाचे वेगळे. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात संपायला नोव्हेंबर 2020 उजाडले. त्या निकालाने दोन गोष्टी देशभर लागू केल्या : पोटगी अर्जाच्या तारखेपासूनच द्यायची, आणि दोन्ही पक्षांनी मिळकत, कर्ज, खर्च यांचे प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात भरायचे. शेतीवर जगणाऱ्यांसाठी नमुना वेगळा आहे, कारण सातबारा आणि पगारपत्रक एका रकान्यात बसत नाहीत. एरवी दुकानदार नवरा कोर्टात बेरोजगार होतो, हा अनुभव वकिलांना नवा नाही.

आदेशानंतर पैसे थकले तर वॉरंट निघते. तरीही न भरल्यास प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही. पण अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो, आणि प्रत्येक थकबाकीसाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते.

त्यामुळे परस्पर संमतीच्या घटस्फोटात एकरकमी रकमेवर मिटवण्याकडे कल असतो. अनेक वकील शेवटच्या तारखेला डिमांड ड्राफ्ट हातात पडल्याशिवाय अशिलाला सही करू देत नाहीत. आयकराच्या दृष्टीनेही दोन्हींत फरक आहे : दरमहाची पोटगी उत्पन्न समजली जाते, एकरकमी मिळालेली भांडवली जमा.