शिवलेला कपडा आणि जेवणाचं ताट

आजोळच्या माजघरात छताला टांगलेली एक आडवी दांडी होती, तिला वळणी म्हणत. आजोबांचं सोवळ्याचं धोतर तिच्यावर वाळत असे. आम्हा मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर ते काठीने घालायचं आणि काठीनेच काढायचं. मधेच कुणाची बोटं लागली तर ते ओवळं, पुन्हा भिजवा. घरात एक मुकटाही होता, जुन्या मधाच्या रंगाचा. त्याला एवढी जपणूक लागत नसे, कारण रेशीम आणि लोकर सहसा विटाळत नाही अशी समजूत. ज्यांना रेशीम परवडत नसे ते धाबळी नेसत. आजोबा नेसून पाटावर बसले की वरचं अंग उघडं, फार तर खांद्यावर उपरणं. सदरा खुंटीला. शिवलेला कपडा अंगात ठेवून जेवायचं नाही, हा नियम त्यांना कुणी वेगळा सांगितला नसेल, इतका तो मुरलेला होता.

जेवणाच्या औपचारिक पोशाखाबद्दल आपण बोलतो तेव्हा नजरेसमोर कोट आणि टाय येतो. पण मराठी ब्राह्मण घरांत आणि त्यांच्या पंगतींत त्याच्या कितीतरी आधी तितकाच काटेकोर पोशाख ठरलेला होता. अंगरखा, पगडी, जोडे ही सगळी मानाची वस्त्रं दाराशी उतरवून माणूस पानावर बसायचा. सोवळं हा पोशाख होता, तशीच ती सीमाही होती. सोवळ्यात कोण असू शकतं आणि कोण कधीच असू शकत नाही, हे जन्माने ठरत होतं. त्या मुकट्याचा रंग मला आजही सुंदर वाटतो. त्यामागचा नियम मला कधीही मान्य होणार नाही.

घराबाहेर खाण्यापिण्याची वेळ आली तेव्हा एक मोठी ठिणगी पुण्यात पडली. 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या एका सभेनंतर मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. हजर असलेल्यांत रानडे होते, टिळक होते. पुढे नावं वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य म्हणजे जातबहिष्काराचा वाद झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तांवरून खल झाला. वाद मिशनच्या हातच्या चहाचा होता, पण मला त्या प्रसंगात आणखी एक गोष्ट दिसते. सभेला आलेली माणसं सभेच्या कपड्यांत होती. स्नान करून, नेसून, पाटावर बसून नव्हे, तर अंगातल्या शिवलेल्या कपड्यांनिशी परक्या छताखाली काही तोंडात घालणं, हीच सवय त्या पिढीला नवी होती.

त्या सवयीला कुणा सुधारकाच्या भाषणापेक्षा मुंबईच्या घड्याळाने जास्त बळ दिलं. दहाला कचेरी गाठायची, गिरणीचा भोंगा चुकवायचा नाही, चाळीत नळ सामाईक. तिथे वळणी कुठे टांगणार? गिरगावातल्या खानावळीत कारकून सदरा-कोट घालूनच पानावर बसू लागला. रेल्वेच्या डब्यात तर शेजारी कोण बसलंय हेही आपल्या हाती राहिलं नाही.

मग इराणी हॉटेलवाले आले. धोबी तलावाजवळचं कयानी 1904चं. संगमरवरी टेबल, वळवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, पाणी कम चहा, ब्रून मस्का. इराण्याच्या भिंतीवर सूचनांच्या पाट्या असायच्या: इथे केस विंचरू नका, फार वेळ बसू नका, थुंकू नका. त्या पाट्यांकडे मी फार आदराने बघतो. इराण्याचे नियम वागण्याचे होते, वेशाचे नव्हते. धोतर, लेंगा, लुंगी, सूट, काहीही घालून या, चहाचे पैसे द्या आणि दुसऱ्याला त्रास देऊ नका. आपल्याकडे बाहेर खाण्याच्या इतिहासात इतका सरळ दरवाजा फार कमी जणांनी उघडा ठेवला.

त्याच शहरात काही अंतरावर साहेबांचे क्लब होते. तिथला नियम पंगतीच्या नेमका उलटा. पंगतीत शिवलेला कपडा चालत नसे. क्लबात शिवलेल्या कपड्याशिवाय चालत नसे. पंगतीत जोडे बाहेर. क्लबात जोडे पायात हवेतच. एकीकडे अंग उघडं, दुसरीकडे गळ्यापर्यंत बांधलेलं. आणि दोन्हीकडचं काम एकच, दारातूनच माणसं निवडायची. कोट-टाय म्हणजे कपड्यांचा खर्च, तो वागवण्याची सवय, ती सवय देणारं शिक्षण. हे सगळं नसलेला माणूस आपोआप बाहेर राहायचा.

कपडा म्हणजे पायरी, हे ज्यांना सर्वांत जास्त सोसावं लागलं त्यांनीच ते सर्वांत आधी ओळखलं. डिसेंबर 1927मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना मुद्दाम सांगितलं की अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगडं नेसायची रीत टाका, वरच्या जातींतल्या बायका नेसतात तसं नेसा, अंगावरचे जडजूड दागिने सोडा. पाण्याच्या हक्कासाठी भरलेल्या परिषदेत नेसण्याची पद्धत हा विषय होता. बाबासाहेबांचा स्वतःचा सूट मी याच ओळीत वाचतो. ज्या पोशाखाने दार अडवलं जातं, तोच अंगावर चढवून ते दार उघडायचं.

दुसरी वाट गांधीजींची. 5 नोव्हेंबर 1931 रोजी ते बकिंगहॅम राजवाड्यात राजाच्या चहापानाला पंचा आणि चादर याच वेशात गेले. दारात कुणी अडवलं नाही.

विलिंग्डन क्लबची कथा इथे सांगायलाच हवी. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो काढला, तेव्हा गोऱ्यांबरोबर भारतीयांनाही प्रवेश ही त्याची नवलाई होती. आणि 1988 साली त्याच क्लबाने चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना परत पाठवलं, कारण ते अनवाणी होते. हुसेन यांनी चपला सोडल्या त्या 1964मध्ये, गजानन माधव मुक्तिबोध गेले तेव्हा, असं ते स्वतः सांगत. मुक्तिबोध हिंदीतले मोठे कवी, घर मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी. कवीच्या शोकात अनवाणी झालेले ते पाय क्लबच्या नियमात बसले नाहीत. आजोळी आजोबा अनवाणीच पानावर बसत आणि तेच शुद्ध मानलं जाई.

आता बहुतेक हॉटेलांत जीन्स आणि टी-शर्ट चालतो, लग्नात बूट घालून उभ्याने बुफे होतो. सोवळं पूजेपुरतं उरलं आहे, आणि बाजारात ते इलॅस्टिक लावून शिवलेलं तयार मिळतं. ज्या वस्त्राची मुख्य अट शिलाई नसणं ही होती, ते आज शिवून विकलं जातं आणि कुणाचं काही बिघडत नाही. याचा मला आनंद आहे. पण सीमा पुसली गेली असं मात्र म्हणवत नाही. 2017मध्ये पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी, स्वयंपाकीणबाईंनी जात लपवून आपलं सोवळं मोडलं, अशी तक्रार पोलिसांत दिली होती. 2021मध्ये दिल्लीतल्या एका रेस्टॉरंटच्या दारात साडी नेसून आत येण्यावरून वाद झाला. आणि कित्येक क्लबांत आजही चप्पल चालत नाही. 2019मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरीही त्यात आली. तिच्यासारख्याच चपला 2025मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने मिरवल्या.

तामिळनाडूने यावर कागदावर उत्तर दिलं आहे. जुलै 2014मध्ये चेन्नईतल्या क्रिकेट संघटनेच्या क्लबात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हरिपरंथामन यांना वेष्टी, म्हणजे तिथलं धोतर, नेसले म्हणून आत सोडलं नाही. पुढच्याच महिन्यात विधानसभेने कायदा केला. वेष्टी किंवा कुठल्याही भारतीय पारंपरिक पोशाखावरून क्लबात प्रवेश नाकारला तर परवाना रद्द होऊ शकतो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही असा कायदा करावा. त्यात धोतर, लुगडं, लेंगा यांच्याबरोबर पायातल्या चपलेचाही उल्लेख स्पष्ट शब्दांत असावा.