मागे सरकलेला दहा नंबर

आंद्रेआ पिर्लोचं नाव निघालं की प्रतिभेचीच चर्चा होते. त्याची प्रतिभा वादातीत आहे, पण त्याची कारकीर्द घडली ती अडचणीतून काढलेल्या वाटेमुळे. 1995 साली सोळाव्या वर्षी ब्रेशाकडून पदार्पण करणारा पिर्लो आक्रमक मिडफिल्डर होता, फॉरवर्डच्या पाठीमागे खेळणारा दहा नंबर. 1998 मध्ये इंटर मिलानने त्याला घेतलं, पण तिथे त्याचा जम बसला नाही. 2001 च्या सुरुवातीला तो उसनवारीवर ब्रेशात परतला, तर त्याची जागा रॉबेर्तो बाज्जोने व्यापलेली. प्रशिक्षक कार्लो माझोने यांनी मग पिर्लोला थेट बचावफळीच्या पुढ्यात आणून उभं केलं. 1 एप्रिलला युव्हेंटसविरुद्ध त्याने मागून उचललेला लांब पास बचावपटूंच्या डोक्यावरून बाज्जोच्या पायाशी पडला, बाज्जोने पहिल्याच स्पर्शात गोलरक्षकाला चकवलं आणि सामना 1-1 असा सुटला.

ही जागा माझोने यांनी शोधून काढली असं म्हणणं मात्र अतिशयोक्तीचं ठरेल. 1934 च्या विश्वविजेत्या इटालियन संघात लुईस मोंती मैदानाच्या मध्यावरूनच खेळाची सूत्रं हलवत होता आणि नव्वदीच्या दशकात एसी मिलानसाठी देमेत्रिओ अल्बेर्तिनी तेच करत होता. परंपरा जुनीच होती. नवं होतं ते दहा नंबरच्या खेळाडूची नजर तिथे नेऊन बसवणं. पुढे वेळ आणि मोकळी जागा दोन्ही कमी, मागे दोन्ही जास्त. धावण्यात मंद असलेल्या पिर्लोला हेच हवं होतं. पुढे पिर्लो एसी मिलानमध्ये गेला, तिथे प्रशिक्षक कार्लो आन्चेलोत्ती यांनी हीच मांडणी पक्की केली आणि 2003 व 2007 ची चॅम्पियन्स लीग क्लबकडे आली.

यावर आक्षेप असा, की ही चैन मिलानमधल्या गत्तुझोसारख्या राबणाऱ्या साथीदाराच्या जिवावर होती. त्यात तथ्य आहे. पिर्लोला संरक्षण लागायचंच. पण नुसत्या संरक्षणाने गोल होत नाहीत. 2006 च्या विश्वचषकात डॉर्टमुंडच्या उपांत्य सामन्यात 119 व्या मिनिटाला जर्मन पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी चेंडू त्याच्याकडे आला. शॉट न मारता तो उजवीकडे सरकत राहिला, बचावपटू त्याच्याकडे ओढले गेले आणि त्यांच्यामधल्या फटीतून त्याने सहकारी ग्रोसोला पास दिला. ग्रोसोने गोल केला. ती फट पिर्लोने शॉट लांबवल्यामुळे निर्माण झाली होती.

सर्वांत भक्कम पुरावा 2011 चा आहे. मिलानने बत्तिशीतल्या पिर्लोला विनामोबदला जाऊ दिलं. तो गेला त्या युव्हेंटसमध्ये गत्तुझो नव्हता. विदाल आणि मार्कीझिओ हे वेगळ्या धाटणीचे साथीदार होते. तरीही पहिल्याच हंगामात संघ लीगचे 38 सामने अपराजित राहिला आणि पिर्लो असेपर्यंत सलग चार विजेतेपदं आली. साथीदार बदलले, क्लब बदलला, भूमिका तीच राहिली. म्हणून पिर्लोच्या यशाचं श्रेय देताना त्याच्या पायांइतकंच त्याला मागे सरकवणाऱ्या माझोने यांच्या निर्णयालाही द्यायला हवं.