जात्यंधाचा हत्ती, जंबूकाका आणि वशिंड नसलेला बैल

कार्टूनातील प्राणी कसा काढावा हे शिकवणारी पुस्तके आज कोणत्याही गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. आधी एक वर्तुळ, त्यावर लहान वर्तुळ, मग कान, मग डोळे, शेवटी नको त्या रेषा खोडून टाकायच्या. ही पद्धत परकी म्हणून बाजूला सारण्याची घाई आम्हांला करवत नाही, कारण अवयवांची उपमा देत देत प्राणी उभा करण्याची रीत मराठीच्या आरंभकाळीच सापडते. केसोबासांनी संकलित केलेल्या ‘दृष्टान्तपाठा’तील ११४ दृष्टान्तांपैकी जात्यंधांचा आणि हत्तीचा दृष्टान्त आपण सर्वांनी पदवीच्या वर्गात वाचलेला व शिकवलेला असतो. पाय चाचपणाऱ्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान चाचपणाऱ्याला सुपासारखा. या दृष्टान्ताचा पारमार्थिक अर्थ आपण भरपूर सांगितला. त्यातील चित्रदृष्टीकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले. खांब आणि सूप ही चित्रकाराच्या कच्च्या आराखड्याचीच सामग्री आहे. आंधळ्यांचे चुकते ते निरीक्षणात नव्हे, जोडणीत.

मराठीतील प्राणिपात्रांचा पुढचा इतिहासही शब्दांचाच आहे. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. बापू छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ ची. कोल्हा लबाड आणि गाढव मूर्ख, हे स्वभाव त्यातून पक्के झाले. त्या कोल्ह्याला स्वतःची अशी रेषा मिळायला मात्र शतक उलटावे लागले.

ती मिळाली ती चित्रपटामुळे. दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ १९१५ मध्ये केली, पण तीत हलतात त्या काड्या. १९३० च्या दशकाच्या मध्यास ‘प्रभात’ने ‘जंबूकाका’ हा व्यंगपट काढला. जंबूक म्हणजे कोल्हा. त्याला ‘काका’ हे नाते जोडले की तो थेट आपल्या ओटीवर येऊन बसतो. हे नामकरण आम्हांला त्या काळातील कोणत्याही तांत्रिक करामतीपेक्षा मोलाचे वाटते. त्याच दशकात अमेरिकेत मिकी माऊसचा बोलबाला होता (‘स्टीमबोट विली’ १९२८ चा). मिकीचे डोके आणि कान गोल आहेत त्यामागे सौंदर्यविचाराइतकीच व्यवहाराची निकड होती. बोलपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात, तेव्हा नाण्याभोवती पेन्सिल फिरवून काढता येईल असा आकार अनेक हातांना सारखाच काढता येतो. कारखान्याची ही सोय पुढे शिकवणीच्या पुस्तकांत जणू कलेचा नियम होऊन बसली.

१९५६ मध्ये डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले आणि १९५७ मध्ये तेथे ‘द बनियन डिअर’ तयार झाला. जी. के. गोखले यांच्यासारखे आपले चित्रकार त्या विभागात होते. कथा जातकातली, शिकवण कॅलिफोर्नियाची. षड्दंत जातकाचे हत्ती ज्या मराठवाड्यात अजिंठ्याच्या भिंतींवर रंगवले गेले, तेथून हे सारे फार दूर घडत होते. १९४८ पर्यंत नांदेड व लातूरचा प्रदेश निजामाच्या राज्यात होता, राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मुंबई-पुण्याची सचित्र मराठी बालवाङ्मयाची परंपरा येथील सरकारी शाळांपर्यंत पोहोचण्याचा मार्गच अरुंद होता. १९६७ मध्ये बालभारती आणि १९७१ मध्ये ‘किशोर’ आल्यावर चित्रांचे एक सामाईक जग निर्माण झाले. शि. द. फडणीस यांनी गणिताच्या पाठ्यपुस्तकांत काढलेली चित्रे ज्यांनी पाहिली, त्यांना वजाबाकी थोडी कमी भयंकर वाटली असेल. फडणिसांचे प्राणी माणसांसारखे कपडे घालत नाहीत. त्यांच्या एका गाजलेल्या ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावर तरुणीच्या साडीवर उंदीर आहेत आणि तरुणाच्या सदऱ्यावर मांजरे. एक शब्द न लिहिता सगळी प्रेमकथा तेथे सांगून होते.

आता बैलाकडे वळू. नांदेड-लातूर भागातल्या मुलाला कार्टूनमधला बैल काढायला सांगितला तर पुष्कळदा तो वशिंडाशिवाय काढतो. पुस्तकातल्या युरोपीय गुरांना वशिंड नसते, गळ्याखाली लोंबणारी पोळीही जवळजवळ नसते. आणि हे कुठे, तर ज्यांच्या नावावर दोन जाती आहेत त्या मुलखात! लातूर जिल्ह्यातल्या देवणीची देवणी आणि नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची लाल कंधारी. देवणीचे वानेरा, बालंक्या, शेवरा असे प्रकार पशुपालक रंगांवरून ओळखतात. वानेऱ्याच्या तोंडाला काळी छटा, बालंक्या पांढरा, शेवऱ्याच्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके. या तीन शब्दांत चित्रकाराला लागणारी सूचना पूर्ण आहे. कोणत्याही पुस्तकाने ती छापलेली आमच्या पाहण्यात नाही.

मग क्रम कसा असावा? आमच्या मते आरंभ वर्तुळापासून करूच नये. देवणीचे कपाळ फुगीर आणि कान लांब, लोंबते; ती कपाळाची कमान आधी येऊ द्यावी. तिच्यामागे मानेचा चढ, मग वशिंडाचा उंचवटा, मग पाठीची जवळपास सरळ रेघ. पोळी शेवटी, एकाच सैल रेषेने, कारण अतिशयोक्ती करायला तीच सर्वांत उदार जागा आहे. व्यंगचित्र म्हणजे जे आहे ते वाढवणे. जे नाही ते वाढवता येत नाही. ज्या मुलाने पोळ्याला मातीचा बैल केला आहे, त्याच्या बोटांना हा क्रम ठाऊक असतो. तो आधी वशिंड चिमटून वर काढतो आणि शिंगे सर्वांत शेवटी लावतो, कारण ती लवकर मोडतात. कागद हातात आला की तोच मुलगा पुस्तकातले वर्तुळ शोधू लागतो.