शब्दवेध : आरजे-45

कर्जतच्या किंवा खोपोलीच्या दुकानात गिऱ्हाईक मागतं 'लॅनची वायर'. तिच्या टोकाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्याला मात्र सगळे 'आरजे-45' म्हणतात.

'आरजे' म्हणजे रजिस्टर्ड जॅक. 1970च्या दशकात अमेरिकेच्या संचार आयोगाच्या नियमांत टेलिफोन जोडणीसाठी असे क्रमांक ठरले. त्यातला खरा आरजे-45 मोडेमच्या टेलिफोन लाइनसाठी होता आणि त्याच्या कडेला एक कंगोरा असे. नेटवर्कच्या जोडणीला तो कंगोरा नसतो. तिचं तांत्रिक नाव 8पी8सी : आठ जागा, आठ संपर्क. रूप सारखं, म्हणून टेलिफोनचं नाव तिला चिकटलं. आता ते सोडवायचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

या वायरीच्या आत तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ असतो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी 1881 साली पेटंट घेतलेली ही युक्ती किती सुंदर आहे! बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होतो. खालापूरच्या कारखान्यांत मोठ्या मोटारींजवळून केबल नेताना त्याचं मोल कळतं. म्हणूनच क्रिंपिंग करताना, म्हणजे टोकाला आरजे-45 दाबून बसवताना, पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उसवू नये.