पडदा सुटताना : रिद्धपुरातले ७२ तास

रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे तीर्थक्षेत्र, गोविंदप्रभूंचे आणि लीळाचरित्राचे गाव. आता तेथे मराठी भाषा विद्यापीठही आहे. मोर्शी तालुका संत्र्याचा, म्हणून नोव्हेंबरात आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की घरातले दुखणेखुपणे मागे पडते. डोळ्याचा पडदा सुटणे हा आजार तर मुळात दुखतच नाही, आणि त्यामुळेच त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

हा घटनाक्रम कुणा एका व्यक्तीचा नाही. पडदा सुटलेले रुग्ण सहसा ज्या क्रमाने आणि ज्या कारणांनी उशिरा पोहोचतात, तो क्रम येथे एका कल्पित बागायतदाराच्या तीन दिवसांत मांडला आहे. वय ५८. लहानपणापासून उणे सहाचा चष्मा. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. जास्त उणा नंबर आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, या दोन्ही गोष्टी पडदा सुटण्याचा धोका वाढवतात. हे त्यांना ठाऊक नाही.

७२ तास आधी. रविवार, संध्याकाळी ६

बागेतून परतताना उजव्या डोळ्याच्या कडेला लख्ख उजेड होतो. मान वळवली की पुन्हा होतो. "आभाळ त नाही, अन् इजा कायच्या चमकून राहिल्या?" असे म्हणत ते घरी येतात.

डोळ्याच्या पोकळीत पारदर्शक, घट्ट द्रव असतो. वयानुसार तो पातळ होतो, आकसतो आणि मागच्या पडद्यापासून अलग होऊ लागतो. बहुतेकांच्या बाबतीत हे निर्विघ्न पार पडते. पण जिथे तो पडद्याला घट्ट चिकटलेला असतो तिथे ताण बसतो. पडद्याला वेदनेची जाणीव नाही, त्याला फक्त प्रकाश कळतो. म्हणून ताण बसला की मेंदूला उजेड दिसतो, आणि अंधारात तो जास्त जाणवतो.

६० तास आधी. सोमवार, सकाळी ६

उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके, जाळे, धुराच्या रेषा. एकदम, शेकड्यांनी. "नजरेपुढं माशा फिरून राहिल्या," ते सांगतात.

रात्रीतून पडद्याला वरच्या, बाहेरच्या बाजूस चीर पडली आहे. फाटताना एक बारीक रक्तवाहिनी तुटली. ते रक्त आणि पडद्याखालचे रंगकण आता द्रवात तरंगत आहेत. वर्षानुवर्षे दिसणारा एखादा ठिपका बहुधा निरुपद्रवी असतो. पण ज्यांना असे झगमग आणि ठिपके अचानक सुरू होतात, त्यांच्यापैकी साधारण सातात एकाच्या पडद्याला चीर सापडते.

५६ तास आधी. सोमवार, सकाळी १०

मेडिकलमधून डोळ्यात टाकायचे थेंब येतात. थेंब डोळ्याच्या पुढच्या भागावर काम करतात. मागच्या पडद्याची चीर कोणत्याही थेंबाने बुजत नाही.

संपूर्ण घटनाक्रमातला सर्वांत मोलाचा तास हाच. आज कुणी बाहुली मोठी करणारे औषध घालून पडदा कडेपर्यंत तपासला असता तर चीर दिसली असती. तिच्याभोवती लेझरचे ठिपके देऊन पडदा जागीच डागता आला असता. हे काम बाह्यरुग्ण विभागात, काही मिनिटांत होते. कापाकापी नाही, भरती नाही. डाग पक्के व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढी काळजी घ्यावी लागते. रिद्धपूरहून अमरावती तास-दीड तासावर आहे.

४८ तास आधी. सोमवार, संध्याकाळी ६

पत्नी म्हणते, "तुमी उद्या अमरावतीले जाऊन दाखवून याच." उत्तर येते, "दुखत त काही नाही. माल तोडणं सुरू हाय, गाडी लागली हाय. मंग पाहू."

चिरेतून पातळ द्रव पडद्यामागे शिरू लागला आहे. सारवलेल्या भिंतीत ओल शिरली की पोपडा कडेपासून सुटत जातो, तसा पडदा आता मागच्या थरापासून सुटतो आहे. पडद्याची जाडी मिलिमीटरच्या पाव भागाएवढी. प्रकाश टिपणाऱ्या त्याच्या पेशींना प्राणवायू आणि अन्न मिळते ते मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून. पडदा त्या थरापासून दूर गेला की पेशींची उपासमार सुरू होते.

३४ तास आधी. मंगळवार, सकाळी ८

उजव्या डोळ्यात खाली, नाकाच्या बाजूला एक काळी सावली. चीर वर आहे, पण डोळ्यातले चित्र उलटे उमटते. म्हणून वर सुटलेला पडदा खाली सावली दाखवतो. ते चष्मा पुसतात. सावली जात नाही.

दोन्ही डोळे उघडे असताना डावा डोळा उजव्याची उणीव भरून काढतो. म्हणून दिवसभर गाडी भरली जाते, हिशेब होतात, व्यापाऱ्याशी भावाची बोलणी होतात. काही अडत नाही.

२२ तास आधी. मंगळवार, रात्री ८

मुलगा त्यांना डावा डोळा तळहाताने झाकायला सांगतो. समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर वरून अर्धे दिसते, खालचा भाग काळा. "बाबा, आताच निघू," मुलगा म्हणतो. रात्र झाली, गाडी नाही, डॉक्टर घरी गेले असतील. ठरते ते उद्याचे.

वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सारी कामे पडद्याच्या मधोमध असलेल्या पीतबिंदूची. तो अजून जागेवर आहे. तो सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर वाचण्याची नजर बहुतेक वेळा टिकते. म्हणून अशा रुग्णाला डॉक्टर शक्यतो चोवीस तासांच्या आत घेतात.

१२ तास आधी. बुधवार, सकाळी ६

सावली लहान झाली आहे. घरात हायसे वाटते. "पाय, थेंबानं उतरलं."

हा या आजारातला सर्वांत मोठा चकवा. रात्रभर डोके स्थिर राहिले की पडद्यामागचे पाणी थोडे शोषले जाते आणि सावली आखडते. चीर तशीच उघडी असते. हालचाल सुरू झाली की पाणी पुन्हा वाढते. अमरावतीचे जाणे पुढे ढकलले जाते.

४ तास आधी. बुधवार, दुपारी २

सावली मध्यापाशी आली. समोरचा माणूस दिसतो, पण त्याची हनुवटी दिसत नाही. आता धावपळ. गाडी सापडते, पैसे गोळा होतात, चार वाजता निघणे होते.

शून्य तास. बुधवार, संध्याकाळी ६

अमरावतीत दवाखान्याच्या बाकावर ते डावा डोळा झाकून मुलाकडे पाहतात. चेहऱ्याच्या जागी करडा डाग आहे. पीतबिंदू सुटला.

शून्यानंतर

पुढचे काही दिवसही महत्त्वाचे आहेत. पीतबिंदू सुटल्यावरही आठवडाभराच्या आत शस्त्रक्रिया झाली तर हाती काही लागते. डोळ्याबाहेरून सिलिकॉनची पट्टी आवळतात. किंवा डोळ्यातला द्रव बारीक उपकरणांनी काढून, चिरेभोवती लेझर देऊन, आत वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. वायू असेपर्यंत विमानप्रवास बंद. काही दिवस डॉक्टर सांगतील त्या स्थितीत, अनेकदा पालथे, राहावे लागते. तेल काही महिन्यांनी काढावे लागते.

पडदा पहिल्याच शस्त्रक्रियेत बसण्याचे प्रमाण दहात साधारण आठ-नऊ. पण बसलेला पडदा आणि परत आलेली नजर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीतबिंदू सुटून गेलेल्या अनेकांना पुढे अक्षरे वाकडी, फिकी, लहान दिसतात. आपल्या बागायतदाराचा पडदा बसेल. त्या डोळ्याने वर्तमानपत्र वाचता येईल याची हमी कुणी देणार नाही.

शंभर वर्षांपूर्वी हा आजार म्हणजे आंधळेपण होते. स्वित्झर्लंडमधील लोझानचे डॉ. ज्यूल गोनँ यांनी दाखवून दिले की मूळ चिरेत आहे आणि चीर डागून बंद केली तर पडदा बसतो. १९७० च्या सुमारास मायामीत रॉबर्ट माकेमर यांनी डोळ्यातला द्रव काढण्याची शस्त्रक्रिया शक्य केली. उपाय माणसाच्या हाती आले. ते वेळेत गाठणे आपल्या हाती आहे.

पडद्याच्या इतर आजारांची मुदत वेगवेगळी आहे. पडद्याची मुख्य धमनी अचानक बंद पडली तर नजर क्षणात जाते, वेदनेविना. तो पक्षाघाताचाच प्रकार आणि हाती तास मोजकेच, म्हणून थेट मोठ्या रुग्णालयात जावे. सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या तर पीतबिंदूचा आजार असू शकतो. त्याच्या ओल्या प्रकाराला डोळ्यातली इंजेक्शने थोपवतात, पण काही आठवड्यांचा उशीरही महागात पडतो. मधुमेह पडदा वर्षानुवर्षे शांतपणे खात राहतो. नजर चांगली असली तरी टाइप दोनच्या रुग्णाने निदान होताच आणि नंतर दरवर्षी पडदा तपासून घ्यायला हवा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावी लागते.

रिद्धपूर, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूरच्या प्रत्येक घरासाठी सांगणे एवढेच. महिन्यातून एकदा एक डोळा झाकून दुसऱ्याने कॅलेंडर वाचा, मग डोळा बदला. अचानक झगमग, ठिपक्यांचा वर्षाव किंवा कडेची सावली दिसली तर त्याच दिवशी निघा. बाहुली मोठी करून पडदा तपासायला सांगा आणि "पडद्याचा डॉक्टर कुठे आहे?" हे तेथेच विचारा. खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा. दुखत नाही म्हणून थांबू नका, आणि सावली कमी झाली म्हणून तर मुळीच थांबू नका.