क्राकाटोआचे संध्यारंग

क्राकाटोआचे संध्यारंग : जावा व सुमात्रा यांमधील सुंदा सामुद्रधुनीत क्राकाटोआ ज्वालामुखीचा २६–२७ ऑगस्ट १८८३ रोजी उद्रेक झाला. त्यानंतर सुमारे तीन वर्षे जगाच्या निरनिराळ्या भागांत दिसलेले गडद तांबडे, नारिंगी व जांभळे सूर्यास्त या नावाने ओळखले जातात. वातावरणीय प्रकाशविज्ञानातील ही पहिली जागतिक पातळीवर नोंदलेली घटना होय.

उद्रेक : मृतांचा डच सरकारी आकडा ३६,४१७, बहुतेक मृत्यू समुद्राच्या लाटांनी झाले (पहा : ज्वालामुखी, त्सुनामी).

प्रसार : होनोलुलू येथे ५ सप्टेंबरलाच विलक्षण संध्याप्रकाश दिसला. तेथील धर्मोपदेशक सेरेनो बिशप यांनी जहाजांवरील व बेटांवरील बातम्या तारीखवार जुळवल्या आणि ज्वालामुखीचा धूर विषुववृत्तालगत पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत असल्याचे दाखवले. पृथ्वीप्रदक्षिणेस त्याला सुमारे दोन आठवडे लागले. धूर पोहोचला त्या उंचीवरील वाऱ्यांची दिशा तोवर कोणास ठाऊक नव्हती. या नोंदीच्या लेखी ती दिशा कळणे हेच उद्रेकाचे खरे वैज्ञानिक फलित. सूर्याभोवतीच्या निळसर-पांढऱ्या तेजोमंडलाला व त्याच्या तांबूस-तपकिरी कडेला ‘बिशप कडे’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले. नोव्हेंबरअखेर रंग यूरोप व उत्तर अमेरिकेत पोहोचले. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे पश्चिमेला मोठी आग लागली असे समजून बंब धावले.

या संध्यारंगांविषयीची इंग्लंडमधील साधने सर्वांत विपुल आहेत. चित्रकार विल्यम ॲस्क्रॉफ्ट यांनी चेल्सी येथे टेम्सकाठी पेस्टल खडूंनी पाचशेहून अधिक आकाशचित्रे काढली. कवी जेरार्ड मॅनली हॉपकिन्स यांनी हा प्रकाश नेहमीच्या सूर्यास्ताहून वेगळा कसा, याचे काटेकोर वर्णन ‘नेचर’ साप्ताहिकाला पाठवले. ते जानेवारी १८८४ मध्ये छापून आले. रॉयल सोसायटीचा या उद्रेकावरील, जी. जे. सायमन्स संपादित अहवाल १८८८ मध्ये निघाला. त्याच्या आरंभीची चित्रे ॲस्क्रॉफ्टचीच.

कारणमीमांसा : मावळतीचा प्रकाश माथ्यावरच्या सूर्याच्या प्रकाशापेक्षा सुमारे ३८ पट हवेतून येतो. हवेचे रेणू आखूड तरंगलांबीचा प्रकाश अधिक विखुरतात (तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात), त्यामुळे निळा वाटेत गळतो व पिवळा-तांबडा उरतो. नेहमीचा सूर्यास्त एवढ्याने उलगडतो, १८८३ चा नाही. तेथे स्थितांबरात, सुमारे २०–२५ किमी. उंचीवर, पातळ थर होता. जमिनीवर सूर्य बुडाल्यावरही त्या थरावर आधीच तांबडा झालेला प्रकाश पडत राही. त्यात वरचा निळा मिसळून जांभळी प्रभा उमटे. सूर्य मावळल्यावरची डोक्यावरच्या आकाशाची निळाई मुख्यतः ओझोनच्या शोषणामुळे असते, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या मध्यास स्पष्ट झाली.

हा थर राखेचा असावा, असे सायमन्स अहवालकाळी मानत. पण जड राख लवकर खाली बसते. टिकतात ते सल्फर डायऑक्साइडपासून बनलेले सल्फ्युरिक अम्लाचे थेंब. स्थितांबरातील असा थर ख्रिश्चन युंगे यांनी १९६० च्या सुमारास दाखवून दिला. धूळ व धूर जितके जास्त तितका सूर्यास्त रंगीत, हा पाठ्यपुस्तकांतील समज मात्र अजून टिकून आहे. खालच्या हवेतील दाट धुरके रंग मळकट करते. पावसाने धुतलेल्या हवेतील सूर्यास्त अधिक स्वच्छ रंगाचे असतात.

भारत : सप्टेंबर १८८३ मध्ये मद्रास व श्रीलंकेत सूर्य हिरवा वा निळसर दिसला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे प्राध्यापक सी. मिची स्मिथ (पुढे कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक) यांनी त्याचा वर्णपट तपासला. एकसारख्या आकाराचे कण तांबडा प्रकाश निळ्यापेक्षा अधिक अडवतात, तेव्हा असे घडते.

चित्रकला : एद्वार मुंक यांच्या ‘किंकाळी’तील तांबड्या आकाशाशी या घटनेचा संबंध जोडला जातो, पण त्याबाबत मतभेद आहेत.

नंतरचे उद्रेक : असेच संध्यारंग एल चिचोन (१९८२) व पिनाटुबो (१९९१) यांच्या उद्रेकांनंतरही दिसले.