सावेदादांचा कॅमेरा आणि रँग्लर

भारतीय सिनेमाची गोष्ट सांगताना आपण बहुधा १९१३पासून, फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून सुरुवात करतो. माहितीपटाचं घराणं त्याहून जुनं आहे आणि त्याचा मूळपुरुषही हरिश्चंद्रच: हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, मुंबईचे सावेदादा.

सावेदादा पेशानं फोटोग्राफर. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं एक रुपया तिकिटावर दाखवली गेली. ती बघून बाकीचे थक्क होऊन घरी गेले; सावेदादांनी ब्रॅडफर्डच्या रायली कंपनीकडून २१ गिनींना कॅमेराच मागवला. १८९९मध्ये हँगिंग गार्डनवर पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या पहिलवानांची कुस्ती त्यांनी टिपली. फीत धुऊन घ्यायला लंडनला धाडावी लागली. घरच्या आखाड्यातली कुस्ती पडद्यावर बघायची, तर तिला आधी सातासमुद्रापार जाऊन यावं लागलं!

पण खरी मौज १९०१च्या डिसेंबरात आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, कोकणातल्या मुर्डीचा मुलगा, केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली सीनियर रँग्लर झाला होता. तो मान मिळवणारा हा पहिला भारतीय. तो परतला तेव्हा चौपाटीवर सत्कार झाला आणि सावेदादा कॅमेरा घेऊन तिथे हजर होते. थोरामोठ्यांवरच्या आपल्या माहितीपटांचं मूळ मला इथे दिसतं. नायक ना राजा, ना देव, ना गोरा साहेब. गणितात पहिला आलेला एक तरुण. गोऱ्यांच्या परीक्षेत आपल्यातला कुणी अव्वल येतो, याचा त्या काळात केवढा अभिमान वाटला असेल! १९०३चा दिल्ली दरबारही सावेदादांनी चित्रित केला, पण तिथे परदेशी कॅमेरेही होतेच.

पुढे कथापटांनी बाजार काबीज केला. स्वातंत्र्यानंतर, १९४८मध्ये, मुंबईत फिल्म्स डिव्हिजन उभं राहिलं. त्याचे माहितीपट आणि वृत्तचित्रं प्रत्येक थिएटरला दाखवणं सक्तीचं झालं, वर त्याचं भाडंही थिएटरवाल्यांनीच भरायचं. प्रेक्षकांपैकी अनेक जण ती मिनिटं बाहेर शेंगदाणे खात काढत. सक्तीनं या कलेचं भलं केलं असं मला वाटत नाही. मात्र त्या निमित्तानं कितीतरी माणसं फितीवर राहिली, हेही खरं.

जुनी फीत हाताशी असली की काय उभं राहतं, ते विठ्ठलभाई झवेरींनी १९६८मध्ये दाखवलं. गांधीजींवरचा त्यांचा ‘महात्मा’ पाच तासांहून मोठा आहे. रँग्लर परांजपे तर १९६६पर्यंत हयात होते. त्यांच्यावर कुणी असा पट करायला घेतला, तर पहिलं दृश्य सावेदादांनी कधीच घेऊन ठेवलं होतं. पण त्यांच्या फिती आज उपलब्ध नाहीत.